भवानी पेठेत आफ्रिकेचा कायदा

कुंडलिकला आमच्या बोर्डिंगात जागा मिळाली नाही.

हे वाक्य मी लिहिलेलंच नाही असं समजावं. शेवट आधी सांगू नये हे मला ठाऊक आहे. मराठीच्या मास्तरांनी त्यासाठी माझा कान दोनदा धरलेला आहे. तेव्हा कुंडलिकचं काय होणार हे अजून कुणालाच माहीत नाही, मलाही नाही, आणि सन १९२७ चा श्रावण चालू आहे.

त्या श्रावणात सोलापूरच्या आमच्या शाळेत निबंधाची स्पर्धा लागली. विषय होता, ‘वसाहतींत हिंदी लोकांना मिळणारी वागणूक’. बक्षीस, एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. इतिहासाचे मास्तर म्हणाले, नुसती चीड आणू नका, चीड सगळ्यांनाच येते. कायदे शोधा, ते कसे झाले ते लिहा. मी कमलाकर, राहणार माढा, मॅट्रिकच्या वर्गात. मला चीड येत नाही, पण अक्षर चांगलं आहे, म्हणून मी नाव दिलं.

माझ्या बाकावर माझ्या शेजारी कुंडलिक बसतो. म्हणजे येतो तेव्हा बसतो. तो कुंभारीचा. घरी शेती. रोज तीन कोस चालत यायचं आणि तीन कोस परत. वाटेत जकात नाक्यावर त्याला थांबवून फडक्यातल्या भाकरी मोजतात, विकायला नेतोयस का खायला म्हणून. वर्गात त्याच्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही. हजेरीपटावर त्याच्याइतके उशिराचे शेरेही कुणाचे नाहीत. एकतीस झाले तेव्हा हेडमास्तरांनी त्याला बोलावून सांगितलं, “दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा जरी घंटेनंतर आलास, तर तुझा मॅट्रिकचा फॉर्म मी पाठवणार नाही.” हेडमास्तर दुष्ट नाहीत. त्यांचं घर शाळेच्या आवारातच आहे, त्यामुळे उशीर कसा होतो ते त्यांना कधी कळलेलं नाही.

कुंडलिकला शहरात राहायला जागा हवी होती. त्याच्या लोकांच्या बोर्डिंगात एका खोलीत अकरा मुलं होती आणि बारावा पायरीवर झोपत होता. भवानी पेठेतल्या आमच्या बोर्डिंगात तीन खाटा रिकाम्या होत्या. पण आमच्या बोर्डिंगाचा पहिला नियम असा की, ‘प्रवेश फक्त ज्ञातीतील मुलांसच’. ज्ञातीचं नाव मी लिहीत नाही. वाचणाऱ्यानं आपापलं घालून घ्यावं, नियम सगळीकडे बसतो.

तर मी वाचनालयात गेलो. तिथं वसाहतींविषयीचा एक अहवाल वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सापडला. तो मी काढून घेतला. तेव्हापासून ते टेबल हलतं आणि वाचणारे एकमेकांवर रागावतात. त्या अहवालात मला नाताळचा कायदा मिळाला. नाताळ म्हणजे सण नव्हे, आफ्रिकेतला प्रांत. तिथल्या गोऱ्यांना हिंदी लोक नको होते. पण ‘हिंदी लोक नकोत’ असं लिहिलं तर विलायतेतल्या सरकारला ते बरं दिसेना. मग त्यांनी १८९७ साली डोकं चालवलं आणि लिहिलं की, भिकारी नको, वेडा नको, किळसवाणा रोग असलेला नको, आणि ज्याला युरोपातल्या कुठल्याही एका भाषेत अर्ज लिहून खाली सही करता येत नाही, तो नको. संपलं. कातडीचा, देशाचा, धर्माचा शब्द नाही. इतका सभ्य कायदा मी जन्मात वाचला नव्हता. आमच्या बोर्डिंगाच्या नियमांशेजारी ठेवला, तर आमचेच नियम परक्या गोऱ्यांनी केल्यासारखे दिसत.

कलमं पाठ व्हावीत म्हणून मी एक युक्ती केली. ‘वसाहत’ खोडून ‘बोर्डिंग’ लिहिलं, ‘बंदर’ खोडून ‘दरवाजा’, आणि ‘बंदरावरील अधिकारी’ खोडून ‘सुपरिंटेंडेंट’. मग ते एका कोऱ्या कागदावर माझ्या उत्तम अक्षरात उतरवून फळीवर ठेवलं.

त्याच फळीवर दुसरा कागद होता. बोर्डिंगाच्या मूळ नियमांना वाळवी लागली होती, म्हणून त्यांची नवी प्रत मी करावी असं सुपरिंटेंडेंटसाहेबांनी सांगितलं होतं. तीही मी केली होती, पण कंटाळत.

नारायणराव वळसंगकर हे आमचे सुपरिंटेंडेंट. कोर्टात शिरस्तेदार होते, तिथून निवृत्त. सही झालेला कागद चुकीचा असू शकतो, ही कल्पनाच त्यांना अश्लील वाटते. वार्षिक सभेच्या दिवशी त्यांनी शिपाई मडिवाळप्पाला फर्मावलं, “फळीवरचा नियमांचा कागद आण.” मडिवाळप्पाला वाचता येत नाही. त्यानं दोन्ही कागद उजेडात धरले आणि ज्याचं अक्षर देखणं तो नेला. ही चूक होती. मी हे सुपरिंटेंडेंटसाहेबांना नऊ वेळा सांगितलं आहे, इथं दहाव्यांदा सांगतो.

आमच्या कमिटीत पाच सभासद, आणि सभेत कागद वाचायचा नाही अशी जुनी चाल. अध्यक्ष कागद हातात घेऊन म्हणतात, “वाचला असे समजावे.” चौघे म्हणतात, “समजला.” मग सह्या होतात आणि उपीट येतं. त्या दिवशी उपीट जरा लवकरच आलं होतं, त्यामुळे समजणंही उरकून झालं. अशा रीतीनं, हिंदी माणसांना आफ्रिकेत येऊ न देण्याचा कायदा भवानी पेठेतल्या बोर्डिंगाला एकमतानं लागू झाला.

तिसऱ्या दिवशी कागद ओट्यावरच्या भिंतीवर लागला तेव्हा नारायणरावांनी तो प्रथम वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“कमलाकर, हे काय आहे?”

“नाताळचा कायदा, साहेब. चुकून.”

“खाली सह्या आहेत.”

“चुकून, साहेब.”

“सही चुकून होत नसते!” ते ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पुढच्या वार्षिक सभेपर्यंत हेच नियम. अंमल कडक झाला पाहिजे. मडिवाळप्पा!”

मडिवाळप्पानं अंमल फारच कडक केला. त्याला कुणीतरी एवढंच समजावलं की आता आत येणाऱ्यानं इंग्रजीत अर्ज द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालणारी बसम्मा दारात आली, तर हा आडवा काठी धरून उभा.

“अर्ज कुटं हाय?”

“कसला अर्ज रे मुडद्या? दूध हाय.”

“इंग्लिशमदी पायजे. कायदा हाय की. अर्ज न्हाय तर इल्ला म्हंजे इल्ला.”

“माझी म्हैस कानडीत ओरडती, तिला बी शिकवू का इंग्लिश?”

शेवटी मीच बसम्माचा अर्ज लिहून दिला. ती अंगठा उठवायला लागली, तर मडिवाळप्पा म्हणाला, कायद्यात सही आहे, अंगठा नाही. त्या दिवशी चहा कोरा झाला. संध्याकाळी खुद्द अध्यक्ष आले. त्यांची सही मोडीत, आणि मोडी ही युरोपातली भाषा नव्हे असं मडिवाळप्पाला आतून कुणीतरी सांगितलं. ते कुणी सांगितलं हे अजून उघड झालेलं नाही. अध्यक्ष ओट्यावर बसून परत गेले. जाताना म्हणाले, शिस्त चांगली आहे.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर कुंडलिक माझ्याबरोबर आला. भिंतीवरचा कागद त्यानं उभ्यानं वाचला. मग खाली बसून वाचला.

“कमळ्या, ह्यात ज्ञातीची अट कुटं हाय?”

“नाही.”

“मागं हुती की.”

“मागं होती. नाताळमध्ये नाही.”

“मी येडा न्हाय. भिकारी न्हाय. रोग न्हाय. अर्ज इंग्रजीत लिव्हतो.” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला थट्टा सुचेना. “मग मी येऊ शकतो का न्हाय?”

मी म्हटलं, कायद्यानं तू नाताळात जाऊ शकतोस, म्हणजे इथंही येऊ शकतोस. त्यानं माझीच दौत घेतली आणि तिथंच अर्ज लिहिला. नाव, गाव, बापाचा धंदा, खाली झोकदार सही. नारायणरावांनी तो दोनदा वाचला, चूक शोधायला. एका ठिकाणी पेन्सिल टेकवली, शब्दकोश काढून बघितला, आणि पेन्सिल उचलली.

“विचार करू,” ते म्हणाले. “उद्या सकाळी ये.”

कुंडलिक नाचत कुंभारीला गेला असं मी म्हणणार नाही, कारण तीन कोस नाचता येत नाही. पण गल्लीच्या टोकापर्यंत तरी त्याची चाल वेगळी होती.

संध्याकाळी नारायणरावांनी माझा निबंध मागितला, शुद्धलेखन तपासायला म्हणून. मला अभिमान वाटला. ते खुर्चीत बसून वाचू लागले आणि मी समोर उभा. अमेरिकेवरच्या परिच्छेदाशी ते लाल झाले. चारच वर्षांपूर्वी तिथल्या सर्वांत मोठ्या कोर्टात एक पंजाबी गृहस्थ म्हणाला होता की मी आर्य, तुम्ही आर्य, तेव्हा मला गोऱ्यांत धरा. कोर्ट म्हणालं, पुस्तकात काही असो, रस्त्यावरच्या माणसाला तू गोरा वाटत नाहीस.

“अरे, आम्ही आर्य!” नारायणराव खुर्चीवर मूठ आपटून म्हणाले. “आम्हांला त्या मजुरांच्या ओळीत बसवतात? माणसामाणसांत काही फरक करायचा की नाही?”

मी म्हटलं, तेच ते करतायत. ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पान उलटलं आणि ऑस्ट्रेलियावर आले, आणि तिथं फार वेळ थांबले. एक ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, मग पुन्हा वाचली. मी मनात म्हटलं, भाषा आवडलेली दिसते.

ती ओळ मी मोठ्या मेहनतीनं शोधली होती. ऑस्ट्रेलियात अर्जाची भानगड नव्हती. तिथला अधिकारी उतरणाऱ्या माणसाला पन्नास शब्द सांगून लिहायला लावी, युरोपातल्या भाषेत. पण सुरुवातीच्या कायद्यात भाषा कुठली, ते अधिकाऱ्यानं ठरवायचं. नको असलेल्या माणसाला इंग्रजी येतं असं दिसलं, की दुसरी काढायची.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात टेबल मांडलं होतं. एका बाजूला नारायणराव, एका बाजूला कुंडलिक, मध्ये पत्र्याचा एक उंच डबा. आम्ही सगळी मुलं भिंतीला टेकून. दारात मडिवाळप्पा काठी धरून.

“तुझा अर्ज इंग्रजीत आला,” नारायणराव म्हणाले. “इंग्रजी तुला येते, तेव्हा तीत परीक्षा घेण्यात अर्थ नाही. कलमात ‘युरोपातील कुठलीही एक भाषा’ एवढंच आहे, ती कुणी निवडायची ते नाही. आम्ही जर्मन घेत आहोत.”

“तुमाला येती जर्मन?” कुंडलिकनं विचारलं. तो खोचून बोलत नव्हता, त्याला खरंच कौतुक वाटलं होतं.

“परीक्षकास येण्याची अट नाही.”

सोलापुरात जर्मन भाषा एकाच ठिकाणी मिळते, ती म्हणजे रंगाऱ्यांकडे. सुताला लावायचा रंग जर्मनीहून डब्यांतून येतो आणि डब्यावर छापील मजकूर असतो. नारायणरावांनी पहाटेच एका रंगाऱ्याकडून डबा आणवला होता. मजकूर होता सतरा शब्दांचा. पन्नास भरले पाहिजेत, म्हणून तो तीनदा वाचायचा आणि शेवटचा एक शब्द गाळायचा, असं त्यांनी आधीच टिपून ठेवलं होतं, आणि ते टिपण त्यांनी कुंडलिकला वाचूनही दाखवलं. डबा त्यांनी आपल्याकडे तोंड करून धरला.

“लिही. नर फर बामवोल.”

कुंडलिकनं पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

“ट्रॉकेन ऑफ-बे-वारेन. लिही! व्हॉर फ्यूच… फ्यूचटिग… फ्यूचटिगकीट शुट्झेन.”

कुंडलिकचं तोंड हळूहळू उघडलं. डब्याची मागची बाजू त्याच्याकडे होती, निळी, तिच्यावर एक मुकुट. त्यानं मुकुटाकडे पाहिलं, आणि मग तो लिहायला लागला. नारायणराव अडखळत होते, हा अडखळत नव्हता. ते दुसऱ्यांदा सुरू करायच्या आत ह्याचं तिसऱ्यांदा लिहून झालं होतं, शेवटचा शब्द गाळून.

नारायणरावांनी कागद ओढून घेतला. डब्याशेजारी धरला. अक्षर अक्षर बोटानं मोजत गेले. एका जागी त्यांचा चेहरा उजळला.

“हे काय? ह्या अक्षरावर ही दोन टिंबं कशाला? चूक!”

“डब्यावर हायेत की.”

त्यांनी डबा डोळ्याशी नेला. “ही माशीची घाण आहे.”

“आमच्या डब्यावर बी हायेत, साहेब. दोन्ही डब्यांवर माशी त्याच जागी बसंल व्हय?”

“तुमच्या कुठल्या डब्यावर?”

“आईचा पिठाचा डबा. ह्योच. बाजारातनं रिकामा आणल्याला. मी रोज त्याच्यासमोर बसून जेवतो. ल्हानपणापास्नं घरात वाचायला तेवढंच हाय.”

आम्ही हसलो. नारायणरावांनी नजर फिरवली, आम्ही थांबलो. ते म्हणाले, “म्हणजे तुला जर्मन येत नाही. तुला डबा येतो. अर्थ सांग!”

कुंडलिकनं विचार केला. “पिठाला ओल लागू दिऊ नका, असा असंल.”

“कशावरून?”

“आई तसंच म्हणती, झाकण लावताना.”

आता खरी पंचाईत झाली. अर्थ बरोबर की चूक, हे सांगायला साऱ्या पेठेत माणूस नव्हता. नारायणरावांनी बराच वेळ डब्याकडे पाहिलं. डबा काही बोलला नाही. मग त्यांनी कोर्टातल्या अक्षरात निकाल लिहिला आणि मोठ्यानं वाचला: ‘उमेदवार लेखी परीक्षेत उत्तीर्ण. तथापि उत्तर बरोबर असल्याबद्दल जर्मन भाषा जाणणाऱ्या इसमाची खात्री मिळेपर्यंत प्रवेश स्थगित.’ खाली सही केली. सही झाली, म्हणजे आता ते स्वतःसुद्धा काही करू शकत नव्हते. मला वाटतं, त्यांना जरा वाईटही वाटलं. त्यांनी कुंडलिकला पाणी विचारलं. ते ओट्यावर आणून दिलं.

मी विचारलं, “साहेब, ह्यावर दाद कुठं मागायची?”

“ज्यानं कायदा केला त्याच्याकडे,” ते म्हणाले आणि आत गेले.

कुंडलिक ओट्यावर बसला. मी शेजारी बसलो. मी काहीतरी विनोद करावा म्हणून तोंड उघडलं.

“कमळ्या,” तो म्हणाला, “ऑस्ट्रेलिया कशाला घातलास रं? नाताळवर भागत नव्हतं?”

मी तोंड मिटलं. आमच्या घरात आणि वर्गात मला आजवर कुणी गप्प बसवू शकलेलं नाही, याची इथं नोंद असावी.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. समारंभात नारायणराव पाहुणे म्हणून बोलले. साता समुद्रापार आपला बांधव बोटीतून उतरतो, हातात विद्या आहे, अंगात कष्ट आहेत, आणि दारात एक अधिकारी त्याला न येणाऱ्या भाषेत परीक्षा घेऊन परत पाठवतो, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं. मी पहिल्या रांगेत होतो. ‘न येणाऱ्या भाषेत’ म्हणताना त्यांची नजर शेवटच्या बाकावर बसलेल्या कुंडलिकवरून गेली, आणि कुठंही न अडखळता पुढे गेली. कुंडलिकनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. भाषण चांगलं होतं, असं तो नंतर म्हणाला.

शब्दकोश मी त्याला देऊ केला. त्यानं दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

“ह्यो घिऊन तीन कोस चालू व्हय? लई जड हाय. उशीर हुईल की.”

आणि गेला.

दिवाळीची सुट्टी लागली आहे. ती संपायला आता आठ दिवस उरलेत. जर्मन जाणणारा इसम सापडलेला नाही. नारायणराव रोज सकाळी विचारतात, सापडला का, आणि मी नाही म्हटलं की मान हलवतात. ती कुठल्या बाजूला हलते, ते कळत नाही. तेव्हा त्यांच्याच आज्ञेप्रमाणे, ज्यांचा कायदा त्यांच्याकडे, मी पुढील अर्ज आज टपालात टाकत आहे.

मेहेरबान नाताळ बंदरावरील प्रवेश-अधिकारी साहेब यांचे सेवेशी, अर्जदार कमलाकर, बोर्डिंगातील विद्यार्थी, भवानी पेठ, सोलापूर, याची नम्र विनंती ऐसी जे: आपल्या सरकारचा सन १८९७ चा कायदा आमचे येथे जारी असून, त्याखाली मौजे कुंभारी येथील इसम नामे कुंडलिक हा वेडा, भिकारी अगर रोगी नसल्याचे व युरोपातील दोन भाषांत लिहिता येत असल्याचे सिद्ध होऊनही, त्यास दरवाजावर अडविण्यात आले आहे, सबब आपण जातीने अगर जर्मन जाणणाऱ्या कारकुनामार्फत येथे येऊन सदर डबा वाचून पाहावा, अथवा आपला कायदा आमच्या भिंतीवरून काढून परत न्यावा, आणि यांपैकी काहीही घडेपर्यंत सदर कुंडलिक हा अद्याप बोटीवरच आहे असे समजून, कुंभारी ते सोलापूर हा तीन कोसांचा रस्ता आपल्या दप्तरी समुद्र म्हणून नोंदवावा, म्हणजे त्यास शाळेत पोचण्यास उशीर झाल्यास तो वाऱ्यामुळे झाला असे धरता येईल, व तसा शिक्क्याचा दाखला आमच्या हेडमास्तरांचे नावे, सुट्टी संपण्यापूर्वी, पाठविण्याची तजवीज व्हावी.